डिशवॉशर चालवायचा, तर आधी आपले पाणी ओळखा

बुलडाणा, प्रतिनिधी

घाटावरचे पाणी वेगळे आणि घाटाखालचे वेगळे, हे बुलडाणा जिल्ह्यातील माणसाला शिकवावे लागत नाही. तुरीची डाळ शिजायला लागणारा वेळ, अंगाला साबणाचा न येणारा फेस, गिझरच्या कॉइलवर चढलेला पांढरा थर आणि नळाच्या तोटीभोवती साचणारी खर या गोष्टींनी ते ज्याच्या त्याच्या घरात कधीच सिद्ध केलेले असते. मात्र भांडी धुण्याचे यंत्र, अर्थात डिशवॉशर घरी आणताना हेच ज्ञान सोयीस्करपणे विसरले जाते. रंग, आकार, किती ताटे मावतात, हप्ता किती बसेल, याची चौकशी होते. 'आमच्या पाण्याची कठीणता किती आहे आणि यंत्र ती कितीपर्यंत सोसेल?' हा प्रश्न दुकानात क्वचितच विचारला जातो.

सन २०२० च्या टाळेबंदीत धुण्याभांड्यांसाठी येणाऱ्या मावशींचे येणे बंद झाले आणि देशभर या यंत्राची मागणी एकाएकी वाढली. तोपर्यंत महानगरांतील मोजक्या घरांत दिसणारी ही वस्तू त्यानंतर लहान शहरांतील ओट्याखालीही विसावू लागली. सुरुवातीचे काही महिने कौतुकात जातात. मग काचेचे पेले धुरकट दिसू लागतात, स्टीलच्या ताटांवर पांढरे ठिपके उमटतात, कढईच्या कडेला तेलाचा ओशटपणा राहतो. 'आपल्या मसालेदार जेवणापुढे हे विलायती यंत्र टिकत नाही,' असा निष्कर्ष काढून घरात पुन्हा घासणी हाती घेतली जाते आणि चाळीस-पन्नास हजारांची वस्तू डबे ठेवण्याच्या कामी येते. प्रत्यक्षात दोष बहुतेक वेळा ना यंत्राचा असतो, ना मसाल्याचा. पाणी न ओळखता लावलेल्या यंत्राची ती स्वाभाविक अखेर असते.

यंत्र आत नेमके काय करते?

हे यंत्र तसे नवे नाही. अमेरिकेतील इलिनॉय राज्यातील शेल्बीव्हिल येथील जोसेफिन कॉक्रेन या महिलेने १८८६ मध्ये त्याचे पेटंट मिळवले आणि १८९३ च्या शिकागो येथील जागतिक प्रदर्शनात ते लोकांसमोर मांडले. त्यापूर्वीच्या काही यंत्रांत घासण्यासाठी ब्रश होते. कॉक्रेनबाईंनी भांडी तारेच्या कप्प्यांत घट्ट बसवून त्यांवर पाण्याचा जोरदार मारा केला. आजच्या यंत्राचे तत्त्वही तेच आहे. आत कोठेही घासणी नसते. काम करतात त्या चार गोष्टी: पाण्याचा मारा, उष्णता, क्षारयुक्त पावडर आणि वेळ. यांपैकी एक कमी पडली की उरलेल्या तिघींवर भार येतो.

यंत्राच्या तळाशी एका वेळी जेमतेम तीन-चार लिटर पाणी घेतले जाते. पंप तेच पाणी पुनःपुन्हा उचलून फिरत्या पंख्यांच्या छिद्रांतून भांड्यांवर मारतो. पंख्यांना स्प्रे आर्म म्हणतात. खाली पडलेले पाणी गाळणीतून जाऊन परत पंपाकडे येते. प्राथमिक धुणे, मुख्य धुणे, विसळणे आणि अखेरचे गरम विसळणे अशा टप्प्यांनी बारा-चौदा जणांच्या भांड्यांना एकूण दहा-बारा लिटर पाणी पुरते ते यामुळेच. वाहत्या नळाखाली तेवढी भांडी धुताना याच्या कितीतरी पट पाणी जाते. मात्र आपल्याकडे अनेक घरांत नळ सोडून भांडी धुण्याची चैन मुळातच नाही. एका टोपात घासून दुसऱ्या टोपात विसळण्याची पद्धत असेल, तर पाण्याची बचत जाहिरातीत दाखवतात तेवढी होणार नाही, हेही प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. अर्धवट भरलेले यंत्र रोज दोनदा लावल्यास तर ती मुळीच होणार नाही.

या यंत्राची पावडर हाताने भांडी घासण्याच्या साबणासारखी नसते. तिच्यात मुख्यतः धुण्याच्या सोड्याच्या जातीचे क्षार, ऑक्सिजन सोडणारे विरंजक आणि पिष्ट व प्रथिने तोडणारी विकरे असतात. फेस जवळजवळ नसतोच. आजीच्या काळी चुलीतील राखेने भांडी घासली जात, त्यामागेही राखेतील क्षारच होते. लोणारच्या सरोवराचे पाणी ज्या अर्थाने अल्कधर्मी आहे, त्याच अर्थाने हे द्रावणही अल्कधर्मी असते आणि तेलातुपाचा चिकटपणा त्यानेच सुटतो. भांडी घासण्याचा द्रवरूप साबण चुकूनही यात घालू नये. फेसाने यंत्र भरते, पंप हवा ओढू लागतो आणि दारातून फेस बाहेर येतो.

घाटावर आणि घाटाखाली

बुलडाणा, चिखली, मेहकर, लोणार, सिंदखेड राजा आणि देऊळगाव राजा या घाटावरील तालुक्यांत काळ्या बेसाल्ट खडकाच्या भेगांतून विहिरींना आणि बोअरला पाणी येते. या खडकातून कॅल्शियम व मॅग्नेशियमचे क्षार पाण्यात उतरतात आणि पाणी कठीण होते. राजूर घाट उतरून खाली गेले, की पूर्णा नदीच्या खोऱ्यातील गाळाची जमीन लागते. शेगाव, संग्रामपूर, जळगाव जामोद, नांदुरा, मलकापूर या तालुक्यांचे मोठे भाग खारपाणपट्ट्यात येतात. हा पट्टा पुढे अकोला आणि अमरावती जिल्ह्यांत पसरला आहे. तेथील भूजलात कठीणतेसोबत मिठाची, म्हणजे सोडियम व क्लोराईडची भर असते. किडनीच्या विकारांच्या तक्रारींमुळे या पाण्याची चर्चा वर्षानुवर्षे होत आली आहे. त्या गंभीर प्रश्नापुढे ताटांवरचे ठिपके ही क्षुल्लक बाब आहे. तथापि यंत्रापुरते बोलायचे, तर वरचे आणि खालचे पाणी यांना एकच उपाय लागू पडत नाही, हे समजून घेणे आवश्यक ठरते.

कठीण पाणी तापले की त्यातील कॅल्शियम बायकार्बोनेटचे विघटन होऊन चुनखडीसारखा, न विरघळणारा कॅल्शियम कार्बोनेट खाली बसतो. गिझरमध्ये हेच घडते. डिशवॉशरमध्ये तो हीटरवर, पंख्यांच्या बारीक छिद्रांत आणि भांड्यांवर बसतो. पिण्याच्या पाण्यासाठीच्या भारतीय मानकानुसार, म्हणजे आयएस १०५०० नुसार, एकूण कठीणता लिटरमागे २०० मिलिग्रॅमपर्यंत स्वीकारार्ह आहे आणि दुसरा स्रोत नसल्यास ६०० मिलिग्रॅमपर्यंत चालते. समजा, आपल्या बोअरचे पाणी ५०० मिलिग्रॅमचे आहे. एका धुण्याला १० लिटर पाणी धरले, तर प्रत्येक वेळी ५ ग्रॅम कठीण क्षार यंत्रातून जातात. रोज एक धुणे या हिशेबाने वर्षाला १८०० ग्रॅमहून अधिक! हे सारेच आत साचते असे नाही. पण त्याचा दशांश साचला, तरी हीटर आणि पंप निकामी व्हायला पुरेसा आहे.

यावर उपाय म्हणून बहुतेक यंत्रांत पाणी मृदू करणारा भाग, म्हणजे सॉफ्टनर, बसवलेला असतो. त्यातील रेझिनचे बारीक मणी पाण्यातील कॅल्शियम व मॅग्नेशियम पकडून ठेवतात आणि त्यांच्या बदल्यात सोडियम सोडतात. काही धुण्यांनंतर मण्यांची ही क्षमता संपते. तेव्हा यंत्र मिठाच्या कप्प्यातील खारट द्रावण त्यांवरून फिरवते, पकडलेला कॅल्शियम सांडपाण्यात निघून जातो आणि मणी पुन्हा कामाला लागतात. म्हणजे मीठ हे भांडी धुण्यासाठी नसून या मण्यांसाठी असते. अनेक घरांत 'मीठ घातले काय, नाही घातले काय, फरक दिसत नाही' म्हणून ते थांबवले जाते. फरक दिसायला काही महिने लागतात. दिसू लागतो तेव्हा उशीर झालेला असतो.

ही झाली घाटावरची गोष्ट. घाटाखालच्या खाऱ्या पाण्याला मात्र सॉफ्टनरचा अर्धाच उपयोग आहे. तो कठीणता काढतो. खारेपणा काढत नाही. उलट, कॅल्शियमच्या जागी सोडियम देणे हेच त्याचे काम असल्याने विरघळलेल्या क्षारांचे एकूण प्रमाण जवळपास तेवढेच राहते. असे पाणी भांड्यांवर वाळले की मिठाचा पुसट थर उरणारच. शिवाय क्लोराईड जास्त असलेल्या पाण्याने स्टेनलेस स्टीललाही बारीक खड्डे व तांबूस ठिपके पडू शकतात. म्हणून खारपाणपट्ट्यात ज्यांच्या घरी बोअरचे पाणी आणि नळयोजनेचे पाणी असे दोन्ही येते, त्यांनी यंत्राचा नळ योजनेच्या पाण्यावरच ठेवावा. संग्रामपूर व जळगाव जामोद तालुक्यांतील १४० गावांच्या योजनेला वान धरणाचे पाणी मिळते. धरणाचे असे पाणी साधारणपणे खाऱ्या बोअरपेक्षा यंत्राला पुष्कळ सोसते. केवळ खारे बोअर हाच स्रोत असेल, तर डिशवॉशर घेण्याचा विचार दोनदा करावा, असे आमचे स्पष्ट मत आहे.

ठिपके कशाचे आहेत हे ओळखण्याची एक सोपी युक्ती आहे. डाग पडलेला पेला ओल्या फडक्याने पुसावा. डाग लगेच गेला, तर ते मीठ आहे; कप्प्याचे झाकण सैल राहिले असेल किंवा पाणीच खारे असेल. पुसून गेला नाही, पण लिंबाच्या फोडीने चोळल्यावर गेला, तर तो चुना आहे. सॉफ्टनरची पातळी कमी पडते आहे. दोन्हींनी गेला नाही आणि काच दुधी दिसतच राहिली, तर काच झिजली आहे. ही झीज कायमची असते. ती अतिमृदू पाणी, जास्त पावडर आणि अधिक तापमान यांच्या मेळाने होते. म्हणूनच 'कठीण पाणी नको ना, मग आरओचे पाणी जोडू' हा उत्साह कामाचा नाही. आरओच्या नळीतून बाहेर पडणारे, क्षार एकवटलेले टाकाऊ पाणी यंत्राला देणे तर सर्वांत वाईट.

आता पातळी लावण्याविषयी. यंत्राच्या माहितीपुस्तिकेत कठीणता बहुधा जर्मन अंशांत दिलेली असते, तर आपल्याकडील तपासणी अहवालात ती मिलिग्रॅममध्ये येते. अहवालातील आकड्याला १७.८ ने भागले की जर्मन अंश मिळतात. ४५० मिलिग्रॅम म्हणजे सुमारे २५ अंश, ६०० म्हणजे जवळपास ३४. तपासणीसाठी भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेच्या प्रयोगशाळेत पाण्याचा नमुना देता येतो. काही यंत्रांसोबत तपासणीची पट्टीही मिळते. शेजाऱ्याच्या आकड्यावर विसंबू नये, कारण एकाच गल्लीतील दोन बोअरचे पाणी सारखे असेलच असे नाही. अनेक यंत्रांची कमाल पातळी ३५ ते ५० अंशांच्या दरम्यान असते. आपले पाणी त्याच्याही वर असेल, तर नळावर स्वतंत्र सॉफ्टनर बसवण्यावाचून गत्यंतर नाही.

येथे एक स्थानिक अडचण आहे आणि ती कोणत्याही पुस्तिकेत सापडणार नाही. बुलडाणा शहराला पैनगंगेवरील येळगाव धरणाचे पाणी मिळते. पावसाळ्यात टाकीत धरणाचे पाणी असते. उन्हाळ्यात दोन पुरवठ्यांमधील अंतर वाढले, की त्याच टाकीत बोअरचे किंवा टँकरचे पाणी येऊन मिसळते. यंत्र ऑगस्टमध्ये बसवले, तंत्रज्ञाने त्या दिवशीच्या पाण्यावरून पातळी लावली आणि पुढे मार्च-एप्रिलमध्ये पाण्याची कठीणता वाढली तरी यंत्र जुन्याच पातळीवर राहिले, असे सर्रास घडते. वर्षातून दोनदा, पावसाळा स्थिरावल्यावर आणि होळीच्या सुमारास, पाणी तपासून पातळी बदलावी. हे दोन-चार बटणांचे काम आहे. त्यासाठी तंत्रज्ञाला बोलावण्याची गरज नाही.

मिठाच्या कप्प्यातील चुका

डिशवॉशरसाठीचे मीठ जाड दाण्याचे आणि अतिशुद्ध असते. जेवणाच्या मिठात आयोडीन आणि दाणे मोकळे राहावेत म्हणून घातलेले पदार्थ असतात. शिवाय त्याचे बारीक दाणे ओले होऊन दगडासारखे घट्ट होतात. बाजारातील खडे मीठ स्वस्त पडते, पण त्यात कॅल्शियम व मॅग्नेशियमच्या क्षारांची भेसळ नैसर्गिकरीत्याच असते. ज्याला बाहेर काढायचे, त्यालाच आत घेण्यासारखे ते होते. पहिल्यांदा मीठ भरण्यापूर्वी कप्पा पाण्याने काठोकाठ भरावा, मग त्यात सोबतच्या नरसाळ्याने एक ते दीड किलो मीठ घालावे. बाहेर सांडलेले खारे पाणी तळाच्या स्टीलला खाते. म्हणून मीठ भरताच लगेच एक धुणे लावावे. रात्री मीठ भरून सकाळी यंत्र चालवू नये. आणि मिठाच्या कप्प्यात कधीही पावडर जाऊ देऊ नये. ही एकच चूक संपूर्ण सॉफ्टनर निकामी करू शकते.

'सर्व काही एकातच' असे लिहिलेल्या वड्यांत मिठाचे आणि चमक आणणाऱ्या द्रवाचे काम करणारे घटक असतात, हे खरे. परंतु काही उत्पादकांच्याच सूचनेनुसार त्या साधारण २१ जर्मन अंशांपर्यंत, म्हणजे ३७५ मिलिग्रॅमच्या आसपासच पुरतात. त्याहून कठीण पाण्यात वडी वापरली तरी मीठ घालणे भाग आहे. चमक आणणारा द्रव, ज्याला रिन्स एड म्हणतात, तो पाण्याचे थेंब होऊ देत नाही. पाणी पातळ पापुद्र्यासारखे ओघळून जाते आणि भांडी लवकर वाळतात. आपल्या भागात तो वगळण्यात काटकसर नाही.

आपली भांडी, आपला स्वयंपाक

वऱ्हाडी स्वयंपाकघरात यंत्राची खरी परीक्षा पाहणारे पदार्थ कोणते? तर्रीचा रस्सा असे अनेकांना वाटते. पण तेल तसे लवकर सुटते. खरी अडचण वाळलेल्या पिष्टाची असते. पिठल्याची खरवड, परातीला चिकटून सुकलेले भाकरीचे पीठ, कुकरच्या डब्यातील भाताची पेज आणि दुधाच्या पातेल्याची करपलेली साय, यांना ऊन पाण्यात थोडा वेळ भिजत ठेवावे किंवा लाकडी उलथन्याने खरवडून घ्यावे. बाकीची भांडी नळाखाली विसळून यंत्रात ठेवण्याची सवय मात्र सोडावी. उष्टे केरात झटकले की पुरे. आधी विसळण्यात जे पाणी जाते, त्यात यंत्राचे अख्खे धुणे होते. सकाळची भांडी रात्रीपर्यंत थांबणार असतील, तर फक्त विसळण्याचा छोटा कार्यक्रम लावावा. त्याला साधारण चार लिटर पाणी लागते.

भांड्यांचे तोंड खाली आणि पंख्याच्या दिशेने असावे. वाट्या एकात एक बसवू नयेत आणि किंचित तिरप्या ठेवाव्यात, म्हणजे बुडाच्या खळग्यात पाणी साचणार नाही. कढई, पातेली, कुकरचे डबे खालच्या कप्प्यात. पेले, वाट्या, चहाची गाळणी वर. दार लावण्यापूर्वी दोन्ही पंखे बोटाने फिरवून पाहावेत. एखाद्या डावाचा दांडा आडवा आला, तर पंखा अडतो आणि अर्धी भांडी कोरडीच राहतात. मोठे ताट पावडरच्या कप्प्यासमोर उभे राहिल्यास कप्प्याचे झाकण उघडत नाही आणि वडी तशीच चिकटून राहते. 'वडी विरघळत नाही' या तक्रारीचे हे अगदी नेहमीचे कारण आहे. वडी थेट तळाशी टाकण्याचा मार्गही चुकीचा आहे. ती प्राथमिक धुण्यातच विरघळून वाहून जाते आणि मुख्य धुण्याला काही उरत नाही.

कोणती भांडी आत जाऊ नयेत, याची यादी आपल्याकडे पाश्चात्त्य घरांपेक्षा मोठी आहे. ॲल्युमिनियमची कढई व कुकर क्षारयुक्त पाण्यात काळे पडतात. स्टीलचा कुकर चालतो, पण रिंग, शिटी आणि सुरक्षा झडप काढून. लोखंडी तवा व बिडाची भांडी यांच्यावरील तेलाचा थर निघून जातो आणि ती गंजतात. त्यांचे गंजकण शेजारच्या स्टीलच्या ताटांवर बसतात. लोक मग स्टीलला नावे ठेवतात. तांब्या-पितळेची भांडी डागळतात, कल्हई झिजते. पोळपाट-लाटणे तडकते. मिक्सरच्या भांड्यांच्या पात्याखालील बुश खराब होते. अरुंद तोंडाच्या तांब्यात पाण्याचा मारा पोहोचत नाही. रजतनगरी म्हणून ओळखल्या जाणाऱ्या खामगावच्या जिल्ह्यात चांदीच्या वाट्या-चमच्यांविषयी सांगणे आवश्यकच आहे. चांदी आणि स्टील ओल्या, क्षारयुक्त वातावरणात एकमेकांना टेकली की रासायनिक क्रिया होऊन चांदीवर काळे डाग पडतात. बाळाची चांदीची वाटी हातानेच धुवावी.

हळदीचा प्रश्न मात्र यंत्र सोडवत नाही, उलट कधी वाढवते. हळदीतील रंगद्रव्य तेलात विरघळते, गरम पाण्यात पसरते आणि त्याच धुण्यातील पांढऱ्या प्लास्टिकच्या डब्यात मुरते. क्षारामुळे ते लालसरही दिसते. अशा डब्यांना उन्हात ठेवावे. सूर्यप्रकाशाने हे रंगद्रव्य विघटित होते आणि ऊन आपल्याकडे मुबलक आहे.

कार्यक्रम निवडताना तेलकट कढया-पातेल्यांसाठी ६५ ते ७० अंश सेल्सिअस, रोजच्या ताट-वाट्यांसाठी ५० अंशांचा इको आणि नाजूक काचेसाठी त्याहून कमी, असे ढोबळ गणित ठेवावे. इको कार्यक्रम तीन तासांहून अधिक चालतो, म्हणून तो जास्त वीज खात असेल हा समज चुकीचा आहे. वीज मुख्यतः पाणी तापवायला लागते. कमी तापमानाची भरपाई तो वेळाने करतो. मात्र सतत इकोवरच चालवल्यास तूप आणि वनस्पती नळ्यांत थिजून बसतात. आठवड्यातून एकदा तरी जास्त तापमानाचे धुणे लावावे.

साफसफाई: यंत्रालाही आंघोळ हवी

सर्वांत दुर्लक्षित भाग म्हणजे तळाची गाळणी. जिरे-मोहरी, कढीपत्ता, कोथिंबिरीचे देठ, भाताची शिते, चिंचोका, हे सारे तेथे अडकते. पाश्चात्त्य पुस्तिका आठवड्याने साफ करा म्हणते. आपल्या फोडणीच्या स्वयंपाकात एक दिवसाआड पाहणे बरे. गाळणी फिरवून बाहेर काढावी, नळाखाली मऊ ब्रशने धुवावी आणि परत बसवताना खूण जुळेपर्यंत फिरवून घट्ट करावी. सैल बसलेल्या गाळणीतून गेलेला काचेचा एक तुकडा पंप अडवतो. गाळणीशिवाय यंत्र कधीच चालवू नये.

महिन्यातून एकदा पंखे काढून त्यांची छिद्रे दात कोरण्याच्या लाकडी काडीने मोकळी करावीत. सुई किंवा पिन वापरू नये, छिद्र मोठे होऊन मारा मंदावतो. दाराची खालची कड आणि रबर ओल्या फडक्याने पुसावे, कारण धुण्याचे पाणी तेथे पोहोचत नाही आणि कुबट वास तेथूनच येतो. त्याच दिवशी रिकामे यंत्र जास्त तापमानावर तयार क्लीनर घालून किंवा पुस्तिकेत परवानगी असल्यास लिंबूसत्त्व घालून चालवावे. चुन्याचा थर त्याने सुटतो. व्हिनेगरचा वापर वारंवार करू नये, रबर खराब होऊ शकते. आम्लासोबत ब्लीच कधीही वापरू नये; त्यातून विषारी वायू तयार होतो. धुणे संपल्यावर दार थोडे किलकिले ठेवल्यास आतील दमटपणा जातो. घरात लहान मुले असतील, तर वड्या उंच कपाटातच ठेवाव्यात. त्या रंगीत, गोळीसारख्या दिसतात, परंतु अत्यंत दाहक असतात.

उन्हाळ्यात सांडपाणी झाडांना घालण्याची चांगली सवय आपल्या अनेक घरांत आहे. यंत्राच्या पाण्याला ती लावू नये. त्यात क्षार असतात आणि रेझिन धुतल्यानंतरचे पाणी तर मिठाचे असते. काळ्या जमिनीत सोडियम वाढले की काय होते, हे पूर्णेकाठच्या शेतकऱ्याला विचारावे. हे पाणी बादलीत धरून शौचालयासाठी वापरता येईल.

टाकी, वीज आणि तंत्रज्ञ

यंत्राला पाणी विशिष्ट दाबाने लागते. अनेक यंत्रांना किमान ०.३ ते ०.५ बार. दहा मीटर उंचीच्या पाण्याने साधारण एक बार दाब मिळतो, म्हणजे टाकीतील पाणी यंत्राच्या नळापेक्षा तीन ते पाच मीटर वर हवे. एकमजली घराच्या स्लॅबवर थेट ठेवलेली टाकी ओट्याखालच्या नळापासून जेमतेम तीन मीटरवर असते आणि ती निम्मी झाली की यंत्र थांबते. टाकीला उंच चबुतरा करावा किंवा छोटा प्रेशर पंप बसवावा. पाणी भरण्याच्या नळीच्या तोंडाशी बारीक जाळी असते. पावसाळ्यात गढूळ पाण्याने आणि उन्हाळ्यात टाकीच्या तळच्या गाळाने ती भरते. टाकी धुतली की ही जाळीही धुण्याची सवय लावावी.

हीटर सुमारे दोन हजार वॅटचा असतो. त्यासाठी १६ अँपिअरचा स्वतंत्र प्लग आणि चांगले अर्थिंग हवे. गिझर आणि डिशवॉशर एकाच लाइनवर एकाच वेळी चालवू नयेत. घरातील साधा इन्व्हर्टर हा भार पेलणार नाही. मध्येच वीज गेली, तर घाबरण्याचे कारण नाही. बहुतेक यंत्रे वीज आल्यावर थांबली तेथून पुढे सुरू होतात. मात्र त्या वेळी दार उघडू नये, आत वाफ असते. आठ-पंधरा दिवस बाहेरगावी जायचे असेल, तर गाळणी धुऊन, पाण्याचा नळ बंद करून आणि दार किलकिले ठेवून जावे.

तंत्रज्ञाला तालुक्याच्या गावी यायला दोन-तीन दिवस लागतात आणि निम्म्या वेळा दोष घरीच सुटण्यासारखा निघतो. फोन करण्यापूर्वी पाण्याचा नळ पूर्ण उघडा आहे का, टाकीत पाणी आहे का, नळीची जाळी आणि तळाची गाळणी स्वच्छ आहेत का, सांडपाण्याची नळी ओट्यामागे दुमडली किंवा उंदराने कुरतडली नाही ना, हे पाहावे. त्यानंतरही यंत्र चालले नाही, तर पडद्यावर आलेला अक्षर-आकडा लिहून ठेवावा आणि फोनवर तोच आधी सांगावा. म्हणजे तंत्रज्ञ निघतानाच योग्य तो सुटा भाग सोबत घेऊन येईल.